मोबदल्याच्या आधीचा प्रश्न

सांगली-साताऱ्यात भूसंपादनाची नोटीस आली की चावडीपुढं पहिला प्रश्न ऐकू येतो, "किती पट?" दुप्पट की चौपट, रेडी रेकनर (जमिनीच्या सरकारी दरांचा तक्ता) कुठल्या सालचा धरणार, विहिरीचे आणि झाडांचे वेगळे मिळणार का, बागेचं मूल्यांकन कोण करणार. हे प्रश्न खरे आहेत. ज्याची जमीन जाणार त्यानं ते विचारलेच पाहिजेत, आणि मोबदल्यासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्याला कुणी हावरट म्हटलं तर मला ते सहन होत नाही. पण 'किती' या प्रश्नात आपण इतके गुंतून पडलो आहोत की त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. या कामासाठी ही जमीन सक्तीनं घेण्याचा अधिकार सरकारला आहे का? आणि तो असावा का?

माझं म्हणणं सरळ आहे. कालवा, रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना, म्हणजे जे सगळ्यांच्या वापराचं आहे आणि सार्वजनिक मालकीचंच राहणार आहे, त्यासाठी दुसरा इलाज उरला नाही तर सक्ती मान्य करावी लागेल. पण 'गुंतवणूक येईल, रोजगार येईल, भागाचा विकास होईल' एवढ्या कारणावर एकाची जमीन काढून दुसऱ्या खासगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हाती देण्याचा अधिकार सरकारला नसावा. ज्याला कारखाना काढायचा आहे त्यानं जमीन विकत घ्यावी, भाडेपट्ट्यानं घ्यावी, नाहीतर मालकाला भागीदार करून घ्यावं. मालक नाही म्हणाला तर तो नकार मानावा. ही मर्यादा मंत्र्यांच्या भाषणात असून भागत नाही, ती कायद्यात लिहिलेली हवी.

हा वाद जुना आहे. इंग्रजांनी 1894 साली भूसंपादन कायदा केला, त्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचा स्वतंत्र भागच होता. मुळशीत टाटांच्या धरणासाठी मावळातल्या भातखाचरांवर गंडांतर आलं ते त्या काळात. 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 'जान किंवा जमीन' म्हणत जे लोक उभे राहिले, त्यांचं भांडण दराचं नव्हतं. वीज मुंबईला, नफा कंपनीला आणि खाचर मात्र मावळ्याचं, हा हिशेबच त्यांना मान्य नव्हता. ते हरले आणि खाचरं पाण्याखाली गेली. पुढं स्वातंत्र्य आलं, राज्य आपलं झालं, तरी थोड्याफार दुरुस्त्या सोडल्या तर तोच 1894 चा कायदा 2013 संपेपर्यंत आपल्यावर चालत राहिला.

याच्या शेजारी कुंडलजवळची किर्लोस्करवाडी ठेवून बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. नगरपालिकेला वाढीव वस्तीसाठी ती जागा हवी झाली आणि त्यांना तिथून उठावं लागलं. म्हणजे सार्वजनिक कामाच्या नावाखाली उठवलं जाणं काय असतं, हे आपल्या भागातल्या पहिल्या मोठ्या उद्योजकालाही भोगावं लागलं होतं. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं आणि त्या माळावर नांगर, पुढं पंप घडवणारी वसाहत उभी राहिली. कुणाचं पिकतं शिवार त्यासाठी हिसकावून घ्यावं लागलं नाही. (माळ म्हणजे 'पडीक' असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. माण, आटपाडी, जतच्या माळांवर धनगरांची मेंढरं चरतात. सरकारी कागदावर पडीक दिसणारी जमीन कुणाच्या तरी पोटाची असते, हेही उद्योगासाठी माळ सुचवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

आता घटनेकडं. मूळ राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं तो तिथून काढला गेला आणि कलम 300-अ मध्ये एवढंच उरलं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा हक्क खाली आणण्यामागं जो विचार होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. जमीनदारी मोडायची होती, कमाल जमीनधारणेचे कायदे टिकवायचे होते, आणि प्रत्येक वेळी मोठे जमीनदार मूलभूत हक्काचं कारण सांगून न्यायालयात जात होते. आपल्याकडच्या कुळकायद्याचीही तीच दिशा होती. 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन धरला गेला आणि कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. कृष्णा-वारणेच्या काठावर आज जे बागायतदार म्हणून ओळखले जातात, त्यातल्या कितीतरी घरांचा सातबारा त्या दिवसापासून सुरू होतो.

म्हणजे सरकारच्या हाती हा अधिकार दिला गेला तो ज्याच्याकडं भरमसाट आहे त्याच्याकडून घेऊन कसणाऱ्याला देण्यासाठी. आज तोच अधिकार उलटा चालवला जातो. दोन-तीन एकरवाल्याकडून घ्यायचं आणि शेकडो एकरांचा भूखंड मागणाऱ्याला द्यायचं. आजोबाला कायद्यानं मालक केलं आणि नातवाला कायद्यानंच उठवलं, तर त्या घरानं कायद्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

2013 साली संसदेनं नवा कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक खातेदाराला पाठ असायला हव्यात. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर 80 टक्के बाधित जमीनधारक कुटुंबांची आधी संमती लागते, सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतला प्रकल्प असेल तर 70 टक्क्यांची. संपादनाआधी सामाजिक आघात निर्धारण करायचं, म्हणजे हा प्रकल्प खरंच लोकांच्या हिताचा आहे का, कमी जमिनीत होईल का, दुसरीकडं होईल का, किती घरं उठतील, याचा अभ्यास करायचा, त्यावर गावात जनसुनावणी घ्यायची आणि तो अहवाल तज्ज्ञांच्या गटानं तपासायचा. बहुपिकी ओलिताची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची. घेतलेली जमीन ताब्यानंतर पाच वर्षं वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत करायची, नाहीतर सरकारी भूमीबँकेत जमा करायची. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला हा या सगळ्यातला एक भाग होता. आपण मात्र तेवढाच उचलला, कारण बाकीचे भाग हळूहळू आपल्या हातून काढून घेतले गेले.

ते कसं झालं ते नीट बघितलं पाहिजे. मूळ कायद्यातच एक चौथी अनुसूची होती. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसाखाणी असे 13 केंद्रीय कायदे तिच्यात टाकून त्यांच्या संपादनाला या कायद्यातून वगळलं गेलं. 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना लावल्या गेल्या, पण सामाजिक आघात निर्धारण लावलं नाही. रेषेत जाणारे प्रकल्प, म्हणजे रस्ते, रेल्वे, कालवे, विजेच्या वाहिन्या, हे ओलिताच्या जमिनीच्या संरक्षणातूनही सुटले. 31 डिसेंबर 2014 ला केंद्रानं वटहुकूम काढला आणि औद्योगिक पट्टे, परवडणारी घरं, पायाभूत सुविधा अशा पाच प्रकारांना संमती आणि सामाजिक अभ्यास या दोन्हींतून मोकळीक द्यायचा प्रयत्न केला. देशभरातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये तो वटहुकूम गळून पडला. आपल्याला वाटलं, जिंकलो. पण दिल्लीत जे जमलं नाही ते राज्याराज्यांत झालं. महाराष्ट्रानं 2018 साली स्वतःची दुरुस्ती करून घेतली. तशाच प्रकारच्या प्रकल्पांना मोकळीक मिळाली, आणि राज्याचा महामार्ग कायदा, औद्योगिक विकास कायदा असे राज्याचे कायदे 2013 च्या कायद्याच्या बाहेर ठेवले गेले.

त्यामुळं आज एमआयडीसीसाठी जमीन जाते ती 1961 च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली. आधी क्षेत्र अधिसूचित होतं आणि सातबाऱ्यावर शिक्का पडतो. शिक्का म्हणजे काय, हे खंडाळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारावं. शिरवळ-केसुर्डी पट्ट्यात एमआयडीसीचे टप्पे वाढत गेले तशी 'शिक्के उठवा' ही मागणीही वाढत गेली. शिक्का पडलेली जमीन अजून गेलेली नसते, पण धड हातातही राहत नाही. विकायला गेलं तर गिऱ्हाईक मिळत नाही, बँक कर्ज द्यायला कचरते, नवी विहीर पाडायची की नाही, बाग लावायची की नाही, काही ठरत नाही. मुलीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला अर्धा एकर विकायची सोय राहत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तरी त्या काळाचा मोबदला कुठल्याच निवाड्यात बसत नाही. संपादनाआधीच इतकी सक्ती सुरू होते, आणि ती ज्याच्यासाठी चालली आहे तो उद्योग अनेकदा तोवर ठरलेलाही नसतो.

सामाजिक आघात निर्धारण काढून टाकण्यात आणखी एक मोठा अन्याय आहे, आणि त्याची चर्चा आमच्या बागायतदारांच्या बैठकांत फारशी होत नाही. संमतीची टक्केवारी मोजली जाते ती जमीन ज्याच्या नावावर आहे त्याची. पण शिवारावर जगणारे सगळे सातबाऱ्यावर नसतात. द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला येणाऱ्या बाया, हळदीच्या काढणीवरचे मजूर, वाट्यानं करणारे, शेळ्या राखणारे, आणि ज्या घरात जमीन भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आहे तिथली राबणारी बाई. 2013 च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या अशांनाही धरते, तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका चालली आहे त्यांना. निर्णय होण्याआधी त्यांचं म्हणणं कागदावर येण्याची एकमेव जागा म्हणजे ही जनसुनावणी. ती रद्द केली की खातेदाराचा एक हक्क कमी होतो, भूमिहीनाचं मात्र सगळंच जातं. म्हणून हा प्रश्न जमीनवाल्यांचाच आहे असं म्हणून बाजूला सारणाऱ्या पुरोगामी मित्रांना माझी विनंती आहे की त्यांनी हे कलम पुन्हा एकदा वाचावं.

सांगलीच्या पूर्व भागाची एक वेगळी गोष्ट आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके. इथल्या लोकांनी पाण्यासाठी पिढीभर मोर्चे काढले, पाणी परिषदा घेतल्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांचं पाणी कुठं आत्ता आत्ता शिवारात खेळायला लागलं आहे, कुठं अजून यायचं आहे. ज्या जमिनीत कालपर्यंत ज्वारी-मटकीच्या पलीकडं काही येत नव्हतं तिथं द्राक्ष, डाळिंब, ऊस दिसतो. अशा वेळी जमिनीची किंमत कशावरून ठरते? मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांवरून किंवा रेडी रेकनरवरून. त्या तीन वर्षांत पाणी नव्हतं, किंवा नुकतं आलं होतं. शिवाय मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात दर कमी दाखवायची आपल्याकडची सवय सगळ्यांना माहीत आहे. कमी दाखवलेल्या दराची चौपट खऱ्या दराच्या किती पट होते, हे ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं काढून बघावं. आणि पाण्यासाठी झिजलेल्या माणसाला पाण्याचा पहिला हंगाम हाती येताना जमीन सोडायला सांगणं, याचा दर कुठल्याही रेकनरमध्ये नाही. ज्याची किंमत विकणारा आपणहून सांगतो तो व्यवहार. ज्याची किंमत घेणाराच ठरवतो त्याला मी व्यवहार म्हणणार नाही.

शक्तिपीठ महामार्गाचा वाद याच भागात पेटला, त्याचं कारण इथं आहे. पवनार ते पत्रादेवी, मूळ आराखड्यात 802 किलोमीटर आणि 12 जिल्हे. 2025 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि आखणीसाठी 20 हजार कोटींहून जास्त रकमेला मंजुरी दिली. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी मोजणीला विरोध केला, आखणी बदलण्याच्या घोषणा झाल्या. रस्ता हे सार्वजनिक काम आहे, हे मी वरच मान्य केलं आहे. पण सार्वजनिक काम आहे म्हणून गरजेचं आहे हे आपोआप ठरत नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग याच भागातून, मिरज-कवठेमहांकाळवरून जातो. तो असताना दुसरा कशासाठी, कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात भराव टाकला तर 2019 आणि 2021 सारख्या पुरात पाणी कुठं तुंबेल, बागायत वाचवून दुसरी आखणी होती का, हे सगळे सामाजिक आघात निर्धारणातले प्रश्न आहेत. ते विचारण्याची कायदेशीर जागा 2018 साली काढून टाकली, म्हणून लोक ते बांधावर उभं राहून मोजणी करणाऱ्यांना विचारतात. त्या कर्मचाऱ्याच्या हातात काहीच नसतं. पोलीस येतात, गुन्हे दाखल होतात, आणि पेपरात 'विकासाला विरोध' अशी बातमी येते.

ज्या कामाच्या सार्वजनिक हेतूबद्दल शंकाच नाही तिथंसुद्धा सरकारनं सक्ती कशी वापरली आहे ते साताऱ्याला शिकवायला नको. कोयनेचा वीजप्रकल्प 1960 मेगावॉटचा, महाराष्ट्राच्या उद्योगाचा कणा म्हणावा असा. त्याच्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावं उठली, लोक सांगली-सोलापूरपासून ठाण्या-रायगडापर्यंत पांगले. आपल्या राज्यानं 1976 साली, देशात इतर कुणी विचार करत नव्हतं तेव्हा, पुनर्वसनाचा कायदा केला. पण कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली होती. त्यांच्या नातवंडांना श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली डॉ. भारत पाटणकरांबरोबर ठिय्या देऊन बसावं लागतं, जमिनीच्या बदल्यात जमीन मागावी लागते. जिथं हेतू निर्विवाद होता तिथं साठ वर्षांत हिशेब पुरा झाला नाही. मग जिथं हेतूच संशयास्पद आहे तिथं कुणाच्या भरवशावर सातबारा सोडायचा?

आपण एकटेच या प्रश्नाशी झगडत नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यात न्यू लंडन नावाचं एक लहान शहर आहे. उद्योग गेले होते, महसूल आटला होता. शेजारी एका मोठ्या औषध कंपनीचं संशोधन केंद्र येणार म्हणून शहरानं नदीकाठची घरं पाडून तिथं हॉटेल, कार्यालयं, नवी घरं असा आराखडा केला. ज्या थोड्या लोकांनी घरं विकायला नकार दिला त्यांची सक्तीनं घ्यायची ठरली. त्यांची घरं मोडकळीला आलेली नव्हती, कर थकलेले नव्हते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 23 जून 2005 ला पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला की आर्थिक विकास हासुद्धा सार्वजनिक उपयोगच आहे. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी विरोधात निकालपत्र लिहिलं. नवा मालक जास्त कर भरेल एवढ्यावर घर घेता येत असेल तर कुणाचंच घर सुरक्षित नाही आणि याचा लाभ वजनदार मंडळींनाच होणार, असा त्यांचा आक्षेप होता. लोक खवळले. पुढच्या काही वर्षांत 40 हून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलून कमी-अधिक प्रमाणात हा अधिकार आवळला. न्यू लंडनमध्ये काय झालं? घरं पाडली, आराखडा बारगळला, 2009 साली त्या कंपनीनंही शहर सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि जिथं माणसं राहत होती ती जागा वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली.

त्या गोष्टीतून मी जे घेतो ते असं. विकासाचा अंदाज चुकू शकतो, आणि चुकला तर जमीन गमावलेल्याला काहीच परत मिळत नाही. बंगालमध्ये सिंगूरला तेच झालं. मोटारीच्या कारखान्यासाठी सुमारे हजार एकर जमीन 2006 साली घेतली, आंदोलन झालं, कारखाना गुजरातला गेला, आणि 31 ऑगस्ट 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं ते संपादनच रद्द करून जमीन परत करायला सांगितलं. पण तोवर तिथं शेताऐवजी काँक्रीट होतं. आपल्याकडं रायगडमध्ये महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, वेळी हे टळलं. 2008 च्या सप्टेंबरमध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं, आणि तो सेझ उभा राहिला नाही. त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत प्रा. एन. डी. पाटील होते, आपल्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे. गावाला विचारल्याशिवाय गावाची जमीन घ्यायची नाही, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता जो आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो त्याकडं येतो. तो मंत्रालयातून येत नाही, आपल्याच घरातून येतो. आमची पोरं पुण्या-मुंबईला जातात, दोन एकरांत तीन भावांचं भागत नाही, शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, मग इथं उद्योग नको म्हणून कसं चालेल? माण-खटावमधल्या तरुणानं म्हसवडच्या औद्योगिक वसाहतीकडं आशेनं बघितलं तर त्यात त्याचं काय चुकलं? काहीच चुकलं नाही. मला उद्योग हवा आहे. साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत पोरांना पुन्हा काम मिळावं, मिरज-कुपवाडला नवे कारखाने यावेत, असं मनापासून वाटतं. पण उद्योग हवा आणि सक्ती हवी, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कंपनी यंत्रं बाजारभावानं विकत घेते, सिमेंट विकत घेते, वीज विकत घेते. पोलाद स्वस्तात मिळावं म्हणून पोलादवाल्यावर कुणी सक्ती करत नाही. जमीन तेवढी सरकारनं काढून द्यायची, हा नियम कुठून आला? जमीन स्वस्त आणि सहज मिळते म्हणूनच गरजेपेक्षा जास्त मागितली जाते, आणि मग एमआयडीसीत भूखंड घेऊन वर्षानुवर्षं कुंपण घालून ठेवणारे दिसतात.

दुसरा आक्षेप अडवणुकीचा. शंभरातले नव्व्याण्णव तयार झाले आणि एकानं मध्येच बांध धरला तर? रस्त्याला, कालव्याला, रेल्वेला हा प्रश्न खरा आहे, कारण रेषा मध्ये तुटून चालत नाही. तिथं मर्यादित सक्ती मी मान्य करतो. कारखान्याला तशी रेषा नसते. एका गटाचा मालक नाही म्हणाला तर आराखडा सरकवता येतो, शेजारचं गाव विचारता येतं. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी स्वतःच 400 एकर जमीन एकत्र केली आणि नगर उभं केलं. मालक मालकच राहिले, जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. तिथली जमीन शहराला लागून होती, जत-आटपाडीत तसं जमेल असं मी म्हणत नाही. पण जमीन गोळा करायला सक्तीशिवाय वाट नाही, हे म्हणणं खोटं आहे एवढं त्यातून कळतं. समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीनही थेट खरेदीनं घेतली गेली. फक्त त्यात एक खोट होती. संमतीनं दिली तर पाचपट, नाही दिली तर सक्तीचं संपादन आणि चौपट, असा पर्याय समोर होता. मागं काठी उभी करून घेतलेल्या सहीला संमती म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. म्हणून मी सक्तीचा अधिकारच कायद्यानं आवळायचा म्हणतो. काठी बाजूला झाली तरच बोलणी खरी होतील.

न्यायालयं अलीकडं थोडी आपल्या बाजूला सरकली आहेत. 2024 च्या मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम 300-अ म्हणजे नुसता मोबदला नव्हे. नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी भरपाई, वेळेत प्रक्रिया आणि तिचा शेवट, अशी सात अंगं त्या हक्काला आहेत. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं ठरवलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. तो खटला मुंबईतल्या जुन्या इमारतींचा, आपल्याच राज्याच्या कायद्यावरचा. पण न्यायालयाचा रस्ता लांबचा आहे. हिमाचलमधल्या एका निरक्षर विधवेची जमीन 1967-68 मध्ये रस्त्यासाठी घेतली, तिला मोबदला मिळावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला 2020 साली, ती ऐंशीच्या घरात असताना. शिवाय 'सार्वजनिक हेतू' कशाला म्हणायचं हे ठरवताना न्यायालयं अजूनही बहुतेक वेळा सरकारचा शब्द मानतात. म्हणून हे काम विधानसभेचं आहे.

तिथं मागायचं काय, तेही स्पष्ट असावं. 2018 च्या दुरुस्तीतली सामाजिक आघात निर्धारणाची माफी रद्द करा. एमआयडीसीचं आणि राज्य महामार्गांचं संपादन 2013 च्या कायद्याच्या आत आणा, आणि जमीन शेवटी खासगी हातात जाणार असेल तर मध्ये सरकारी महामंडळ उभं आहे म्हणून संमतीची अट सुटता कामा नये. अधिसूचनेनंतर ठरावीक मुदतीत निवाडा झाला नाही तर शिक्का आपोआप उठला पाहिजे, त्यासाठी शेतकऱ्याला मुंबईपर्यंत चालत जायला लागू नये. सार्वजनिक हेतू ठरवणारा गट जमीन मागणाऱ्या खात्याच्या हाताखालचा नसावा.

आणि एक काम तर विधानसभेची वाट न बघता आजही होऊ शकतं. दोन्ही जिल्ह्यांत सार्वजनिक कामासाठी घेतलेली किती जमीन वापराविना पडून आहे, याची गटनंबरासह यादी जिल्हाधिकारी कार्यालयांनी जाहीर करावी. कवलापूरची विमानतळाची जागा आठवा. तिथं विमानतळ की उद्योग हा वाद किती वर्षं चालू आहे ते सांगलीकरांना माहीत आहे. अशा जागा आधी वापरात आणा, ज्या 2013 नंतर घेतल्या आणि पाच वर्षांत वापरल्या नाहीत त्यांच्यावर जमीन परत करण्याचं 101 वं कलम चालवा. ग्रामसभांनी तसे ठराव करून पाठवावेत, आणि नव्या संपादनाच्या हरकतीत दर लिहिण्याआधी पहिल्या परिच्छेदात ही यादी मागावी. पडून असलेल्या जमिनीचा हिशेब मिळेपर्यंत नव्या गटाची मोजणी नको, ही मागणी कुठल्याही पक्षाच्या आमदाराला नाकारता येईल असं मला वाटत नाही.